शेपटावरचे सहा आकडे

"आई, शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी नंबर तुमच्या हातात," असं मी सासूबाईंना छातीठोकपणे सांगितलं तेव्हा सोमवार होता. माझा पाण्याखालच्या कामाचा एकवीस वर्षांचा अनुभव. खोली अठरा मीटर, पाणी स्वच्छ. करायचं काय, तर बुडालेल्या विमानाच्या शेपटावर रंगवलेले सहा आकडे वाचायचे. पहिलीतल्या पोरानेही वाचले असते, फक्त त्याला बुडी मारता यायला हवी.

बायको ताटं उचलत होती. ती म्हणाली, "आई, कुठला शुक्रवार ते विचारून घे."

शुक्रवार आला, जेवण झालं, हात धुवून झाले. नंबर काही आला नाही. या गोष्टीला आता चौदा महिने झाले.

मी काम करतो त्या ऑफिसचं नाव 'जलमग्न वारसा कक्ष'. नाव भारदस्त आहे. खोल्या तीन आहेत, त्यातल्या एकीत ओले सूट वाळत असतात, त्यामुळे येणाऱ्या माणसाला आधी लॉन्ड्रीत आल्यासारखं वाटतं. मोठ्या युद्धात आमच्या किनाऱ्यासमोर जे जे बुडालं, म्हणजे मालवाहू जहाजं, सुरुंग काढणारी एक बोट, दोन विमानं, त्या सगळ्याची मोजमापं घ्यायची, फोटो काढायचे, गंज किती वाढला ते दरवर्षी लिहायचं आणि त्याला कुणी हात लावणार नाही हे बघायचं, हे आमचं काम. या 'कुणी'मध्ये आम्हीही येतो. हे मला चांगलं माहीत होतं, पण सासूबाईंसमोर आठवलं नाही.

हे तिसरं विमान नवं होतं. म्हणजे ऐंशी वर्षांपूर्वी बुडालेलं, पण आम्हाला नवं. मासेमारांचं जाळं एकाच जागी तीनदा फाटलं, तेव्हा ते शिव्या देत आमच्याकडे आले. खाली गेलो तर एकट्याने चालवायचं लढाऊ विमान वाळूत पोटावर बसलेलं, जणू आत्ताच उतरलंय आणि शिडी येण्याची वाट बघतंय.

सासूबाईंचे वडील अशाच विमानातून गेले होते. तेव्हा सासूबाई दीड वर्षाच्या. वडील दुसऱ्याच एका देशाच्या हवाई दलात भरती झालेले, त्या काळात बरेच होत. एका सकाळी उडाले आणि परत आलेच नाहीत. घरी एक चिठ्ठी आली, त्यात विमानाचा क्रमांक आणि पुढे एकच शब्द: बेपत्ता.

या शब्दाने सासूबाईंची साठ वर्षं खाल्ली. म्हणजे शब्दाने नाही, त्यांच्या मोठ्या जाऊबाईंनी. घरात सगळे त्यांना मोठ्या काकू म्हणतात. सासूबाई लग्न होऊन घरात आल्या त्याच आठवड्यात मोठ्या काकूंनी ती चिठ्ठी वाचायला मागितली, वाचली, घडी घालून परत दिली आणि म्हणाल्या, "बेपत्ता म्हणजे मेला असं कुठे लिहिलंय? बेपत्ता म्हणजे पत्ता कळवला नाही." तेव्हापासून सासूबाईंचे वडील कुठल्यातरी बेटावर दुसरा संसार थाटून मजेत आहेत, हे मोठ्या काकूंनी ठरवून टाकलं. सासूबाईंनी कधी उशिरा यावं, की काकू म्हणणार, "वडिलांवर गेलीस हो." त्या हिशोबाने वडील आज एकशे सात वर्षांचे असतील. काकूंच्या मते हवापाणी चांगलं असेल तर जगतात माणसं.

विमान सापडल्याचं मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी चिठ्ठी एका पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं आणि जोडावर मोठ्या काकूंची सही आणली.

"मला निदान क्रमांक तरी बघू द्या," मी म्हटलं.

"मुळीच नाही. आधी तुम्ही खालून आकडे आणा, मग पाकीट फोडायचं. नाहीतर जाऊबाई म्हणतील जावयाने आकडे जुळवले."

तर त्या शुक्रवारी मी खाली गेलो. सोबत आमचा कलमदादा. ऑफिसात याचं खरं नाव फक्त पगारपत्रकात सापडतं. याला वारसा कायद्याची सगळी कलमं, पोटकलमांसकट, पाठ आहेत आणि तो ती श्वास न घेता म्हणतो, म्हणून पाणबुड्या चांगला झाला असा आमचा अंदाज आहे. पाण्याखाली बोलता येत नाही, तेव्हा आम्ही प्लास्टिकच्या पाटीवर पेन्सिलीने लिहितो. मला वाटत होतं, निदान तिथे तरी हा गप्प बसेल.

शेपूट समोर होतं. पहिले दोन आकडे स्वच्छ दिसत होते, चार आणि सात. पुढच्या चारांवर शिंपल्यांचा थर बसला होता, पोळपाटाएवढा. मी हातमोजा पुढे केला. तेवढ्यात माझं मनगट धरलं गेलं. कलमदादाने पाटी दाखवली: 'कलम ९.'

मी लिहिलं: 'नुसतं पुसतो.'

त्याने लिहिलं: '९ (ब).'

मी लिहिलं: 'सासूबाई.'

तो विचारात पडला. बराच वेळ नुसते बुडबुडे वर जात राहिले. मग त्याने आधीचं पुसून नीट अक्षरात लिहिलं: 'तरतूद नाही.'

वर आल्यावर आम्ही साहेबांकडे गेलो. आमच्या साहेबांचं एक तत्त्व आहे, जागच्या जागी. बुडालेल्या वस्तूचं सगळ्यात उत्तम जतन म्हणजे ती बुडालेलीच ठेवणं. ती वर काढली की गंजते, पडते, लोक तिच्यावर नावं कोरतात. शास्त्र म्हणून हे बरोबर आहे, मी स्वतः नव्या लोकांना हेच शिकवतो. फक्त साहेब हे तत्त्व फायलींनाही लावतात.

"युद्धातलं विमान ज्या देशाचं, त्याचंच राहतं. बुडालं म्हणून मालकी जात नाही," साहेब म्हणाले. "तेव्हा पुसायचं तर मालकाची परवानगी हवी."

"मालक कोण ते कसं कळणार, साहेब?"

"नंबरावरून."

"आणि नंबर?"

"पुसल्यावर," साहेब म्हणाले. "हं. आहे खरं गुंतागुंतीचं. पत्र टाका."

"माझ्या सासूबाईंकडे एक जुनी चिठ्ठी आहे, साहेब. ती जर…"

"त्यांची चिठ्ठी म्हणजे पुरावा नव्हे. अपेक्षा."

त्या भागात ज्या तीन देशांची विमानं उडत होती त्या तिघांना पत्रं गेली. पहिल्याने कळवलं, नंबर पाठवा, मग बघू. दुसऱ्याने कळवलं, विमान आमचं नाही, मात्र आमचं निघालं तर हात लावू नका. तिसऱ्याने कक्षाला वर्धापन दिनाच्या शुभेच्छा दिल्या. वर्धापन दिन नव्हता. साहेबांनी आभाराचं पत्र पाठवलं.

दरम्यान कलमदादाच्या लक्षात आलं की शिंपले आपले नाहीतच. शिंपले वरच्या मजल्यावरच्या समुद्रजीव विभागाचे. मी वर गेलो. तिथल्या बाईंनी फोटो बघितला, त्यांना शिंपले फारच आवडले. म्हणाल्या, "काढायला आमची ना नाही, पण खालच्या वस्तूला धक्का लागणार नाही असा तुमचा दाखला आणा." खाली आलो. कलमदादा म्हणाला, "आपला दाखला देता येईल, पण शिंपले काढायला त्यांची हरकत नाही असा त्यांचा दाखला आधी लागेल." मी दोन महिने जिना चढलो-उतरलो. गुडघे गेले, शिंपले वाढले.

शेवटी सासूबाई स्वतःच ऑफिसात आल्या. वाळत घातलेल्या सूटांखालून वाकून साहेबांच्या टेबलापाशी पोचल्या आणि बसल्या.

"एवढे शिकलेले लोक तुम्ही, आणि एक फडकं मारता येत नाही?"

साहेब अदबीने म्हणाले, "पुसणं म्हणजे हस्तक्षेप होतो, आई."

"मी रोज घर पुसते. तो हस्तक्षेप?"

"घर वारसा यादीत नाही ना आपलं."

"बरं आहे नाही ते. असतं तर उंबऱ्यात शिंपले आले असते." मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "माझी जाऊ शहाऐंशीची आहे, मी ब्याऐंशीची. आमच्यातली एक गेली की ह्या आकड्यांचा काही उपयोग नाही हो. तिच्या तोंडून मला एकदा ऐकायचंय की माझे वडील पळाले नव्हते. बाकी तुमचं विमान तुम्ही काय वाट्टेल ते करा."

साहेब विरघळले. साहेब विरघळले की काहीतरी मंजूर करतात, आणि जे मागितलं ते सोडून करतात. त्यांनी त्या जागेला संरक्षण मंजूर केलं. म्हणजे समुद्रात एक तरंगता पिवळा बोया, त्याला साखळी, साखळीच्या खालच्या टोकाला नऊशे किलोचा काँक्रीटचा ठोकळा, म्हणजे जाळी घेऊन कुणी त्या बाजूला यायचं नाही.

आता, असा बोया वारशाच्या बाजूला टाकतात. तीसेक मीटर लांब. हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून आदेशात लिहिलेलं नसतं. आमच्या आदेशात लिहिलं होतं: 'बोया वारशाच्या नेमक्या जागेवर बसवावा.' हे वाक्य कलमदादाचं. कायद्यात 'नेमकी' हा शब्द आहे, तो त्याने गाळला नाही. आणि जागा काढून द्यायला आमचा मोजणीवाला होता, ज्याला आम्ही इंच म्हणतो.

बोटीवर मी इंचला म्हटलं, "अरे, जरा बाजूला टाकू या का?"

"अहो, बारा वर्षं जागा काढतोय. माझी जागा वीतभरसुद्धा चुकत नाही."

"मला तीच भीती आहे."

"आदेश काय म्हणतो?"

कलमदादाने आदेश वाचून दाखवला. क्रेनवाल्याने विचारलं, "सोडू?" आम्हा तिघांपैकी कुणी हो म्हटलं ते नंतरच्या चौकशीत शेवटपर्यंत निघालं नाही. ठोकळा गेला. इंचची जागा वीतभरसुद्धा चुकली नाही.

आम्ही खाली गेलो तेव्हा गाळ उडालेला होता. तो बसेपर्यंत मी आयुष्यात पहिल्यांदा पाण्याखाली घाम फुटणं म्हणजे काय ते अनुभवलं. मग दिसायला लागलं. ठोकळा शेपटाच्या मुळाशी आदळून वाळूत रुतला होता, शेपूट थोडं कललं होतं, आणि त्या हादऱ्याने शिंपल्यांचा थर भिंतीचा पोपडा निघावा तसा अख्खा निघून खाली पडला होता. सहाही आकडे समोर होते. चार, सात, तीन, शून्य, नऊ, दोन. रंगसुद्धा टिकलेला.

कलमदादाने पाटी काढली: 'कलम ९ चा भंग.'

मी लिहिलं: 'ठोकळ्याने केला.'

त्याने विचार केला आणि लिहिलं: 'ठोकळ्याला ९ लागू नाही.' त्याच्या चेहऱ्यावर मुखवट्याआडूनसुद्धा समाधान दिसत होतं.

मी फोटो काढले. मग पुढे गेलो. त्या धक्क्याने वैमानिकाच्या कॉकपिटवरचा गाळही सरकला होता. काचेचं झाकण आतून लावलेलं होतं. आत वाळू कमरेएवढी भरलेली, आणि वाळूच्या वर बसायच्या पट्ट्याचे दोन तुकडे येत होते आणि मधल्या बकलात एकत्र जात होते. बकल लावलेलं होतं. कलमदादा शेजारी आला, त्याने बघितलं आणि पाटी पाठीमागे नेली.

घरी मी सासूबाईंना तेवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, "पट्टा लावलेला होता?"

"हो."

"आई सांगायची, फार नीटनेटका होता माणूस," असं म्हणून त्या आत गेल्या आणि पाकीट घेऊन आल्या. "चला. जाऊबाईंकडे."

मोठ्या काकू खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर भिंग. जोडावरची आपली सही त्यांनी भिंगातून तपासली, खरी आहे असं मान हलवून मान्य केलं, आणि पाकीट फोडलं. मी फोटो पुढे ठेवला. त्या एकेक आकडा मोठ्याने वाचत गेल्या. एकदा चिठ्ठीतला, एकदा फोटोतला. सहाव्या आकड्याला सासूबाईंनी माझ्या बायकोचा हात इतका घट्ट धरला की तिच्या बांगड्या वाजल्या.

सहाही जुळले. काकूंनी भिंग खाली ठेवलं.

"विमान सापडलं," त्या म्हणाल्या. "चांगलं झालं. विमान पळून गेलं असं मी कधी म्हटलं होतं?"

"काकू," मी म्हटलं, "आत पट्टा लावलेला आहे. मी डोळ्यांनी बघितलाय."

"पट्टा मीही गाडीत पाठीमागून लावून ठेवते. नाहीतर ते पिरपिर वाजत राहतं."

"काकू, झाकण आतून बंद आहे."

"जावई आहेस तू. सासूच्या बाजूनेच बघणार." मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "हे बघ, मी काही वाईट नाही. सरकारी कागद येऊ दे. शिक्क्याचा. याच्या हातून नको, टपालाने सरळ माझ्याकडे येऊ दे. मग मी सगळ्यांना जेवायला बोलावते आणि सगळ्यांसमोर तुझी माफी मागते. साठ वर्षांची, एकदम."

सासूबाई म्हणाल्या, "लिहून द्या."

काकूंनी लिहून दिलं.

नंबर कळल्यावर मालकही कळला. दुसरा देश निघाला, तोच, ज्याचं नव्हतं. त्यांनी मात्र भराभर कामं केली. विमान आमचं, माणूस आमचा, ही त्याची कबर आहे असं समजा, हलवू नका, आणि कुटुंबाला तुम्ही रीतसर कळवा, असं दहा दिवसांत उत्तर आलं. ठोकळ्याबद्दल त्यांनी विचारलं नाही, कारण साहेबांनी सांगितलं नव्हतं. साहेबांनी ठोकळ्याची नोंद 'परिसरातील वस्तू' अशी केली होती. म्हणजे तोही आता जागच्या जागी. तो उचलायचा तर हस्तक्षेप होतो.

आता कुटुंबाला पत्र. मी लिहायला बसलो, तर कलमदादा कागदावर हात ठेवून उभा.

"तुमचं नातं आहे. कलम चौदा. मसुदा लिहायचा नाही, वाचायचाही नाही."

"मग कोण लिहिणार?"

"मी आहे ना."

"तू लिहिशील ना नीट? सोपं लिही. की बाई, तुमचे वडील त्याच विमानात गेले, त्या दिवशीच गेले, शंका नाही."

"आपल्या मनाने वाक्यं घालता येत नाहीत," तो म्हणाला. "मंजूर नमुना वापरावा लागतो."

आमच्याकडे मंजूर नमुने दोनच आहेत. एक वारसा अवशेषांचा आणि एक रजेचा. बुडालेल्या माणसांसाठी नमुना कुणी केलेलाच नाही. कलमदादाने रजेचा बाजूला ठेवला, एवढी समज त्याने दाखवली. साहेबांनी सही केली, शिक्का बसला, पत्र रजिस्टरने सरळ मोठ्या काकूंच्या पत्त्यावर गेलं.

काकूंनी शब्द पाळला. सगळ्यांना जेवायला बोलावलं. मुलं, सुना, नातवंडं, शेजारच्या दोघी, ज्यांनी साठ वर्षं हे प्रकरण ऐकलं होतं. सासूबाई ठेवणीतले कपडे घालून काकूंच्या समोरच्याच खुर्चीत बसल्या होत्या. पत्राचं पाकीट अजून फोडलेलं नव्हतं. काकूंनी ते फोडलं, सगळ्यांना शिक्का दाखवला, चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"'विषय: आपले वडील. महोदया, आपणांस कळविण्यात येते की, शोधपथकाने प्रत्यक्ष पाहणी केली असता आपले वडील अठरा मीटर खोलीवर सुस्थितीत आढळून आले आहेत.'"

सुनांपैकी कुणीतरी हातातला चमचा खाली ठेवला.

"'त्यांची झीज वयाच्या मानाने समाधानकारक आहे. आहेत त्या जागीच त्यांना राहू देण्याचा निर्णय घेण्यात आला असून, त्यांना परत आणण्याचा कोणताही प्रयत्न करू नये. त्यांच्या जागेवर बोया बसविण्यात आला आहे. समुद्रजीव विभागाने त्यांच्या परिसरात जीवसृष्टीची उत्तम वाढ होत असल्याचे नमूद केले आहे.'"

काकूंनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 'सुस्थितीत' या शब्दाशी त्या तिसऱ्यांदा थांबल्या, आणि तो त्यांनी शेजारच्या दोघींना बोट ठेवून दाखवला.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी मी कलमदादाकडे गेलो. त्याने मसुद्याची प्रत तपासली. नमुन्यात 'सदर अवशेष' होतं तिथे तिथे 'आपले वडील' घातलेलं होतं. कुठेही चुकलं नव्हतं. दुरुस्तीचं पत्र काढायची साहेबांची तयारी आहे. त्यासाठी पहिल्या पत्राची मूळ प्रत ऑफिसात जमा करावी लागते. मूळ प्रत मोठ्या काकूंकडे आहे. त्यांनी ती काचेच्या चौकटीत बसवून बाहेरच्या खोलीत लावली आहे.